तळघरातलं न्हाणीघर

सासर कायमचं सोडून आलेल्या लेकीने राहायला तळघरच मागितलं. तिथे न्हाणीघर करायचं म्हणून प्लंबर आला. भिंतीवर खडूने रेघ ओढत तो म्हणाला, "नुसता सांडपाण्याचा पाइप पुरत नाही, ताई. हवेचा पाइप गच्चीपर्यंत न्यावा लागेल, नाहीतर पाणी अडखळतं, खोलीत वास येतो. इथे राहणार कोण?"

"पाहुणे येतात अधूनमधून," मी पटकन म्हणाले.

लेक मागे जिन्यातच उभी होती.

"मी राहणार आहे," ती शांतपणे म्हणाली. "न्या गच्चीपर्यंत."

शेजारीपाजारीही मी 'चार दिवसांसाठी आलीय' असंच सांगत होते. किती सहज सांगत होते. आता मला तिथे उभं राहवेना, आणि तिच्यासमोरून जिना चढून वरही जाववेना.