अमावास्येचा रिकामा चौकोन

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावाला लांबच्या विहिरीवरून पाणी यायचं, बैलगाडीवरच्या पिंपातून. रोज एका वस्तीची पाळी. कॉलेज सोडून मी नुकताच घरी आलो होतो, पिशवीत पत्रकांचा गठ्ठा घेऊन. पाळी कुणाच्या मर्जीवर नको म्हणून भांडून मी शाळेच्या काळ्या भिंतीवर तक्ता आखायला लावला: दर दिवसाला एक चौकोन, त्यात वस्तीचं नाव. भिंतीवर लिहिलेला हक्क कुणाला गिळता येत नाही, असं माझं मत होतं. आजही आहे.

एका सकाळी टेकाडावरच्या वस्तीतली मावशी रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली.

"काल आमची पाळी हुती. गाडी आलीच न्हाई. आज दुपारच्याला केडगावचे पाव्हणे लेकीला बघायला येत्यात. त्यास्नी काय तुझं पत्रक पाजू?"

माझं रक्त तापलं. बड्या वस्तीने पाणी पळवलं! निषेधाचा मथळासुद्धा सुचला. गाडीवानाला गाठलं, तर तो तंबाखू मळत म्हणाला, "काल अवस हुती. अवसंला बैल जुंपत्यात व्हय? लई शिकलास रं!"

मी भिंतीकडे धावलो. महिन्याचा तक्ता मी आधी कागदावर मांडायचो; त्यात अमावास्येचा चौकोन बैलांच्या सुट्टीसाठी मीच रिकामा सोडला होता, पण काल अवस होती हे रागात विसरलो होतो. तो तक्ता या वेळी भिंतीवर उतरवला होता नगरहून नव्याने आलेल्या गुरुजींनी. एक नाव राहून गेलं असं समजून त्यांनी खालची सगळी नावं एकेक घर वर सरकवली, आणि मावशीची वस्ती नेमकी अवसेवर जाऊन बसली.

गुरुजी ओशाळून फडकं घेऊन आले. पण तिचं नाव खाली आणायचं, तर त्याखालचं प्रत्येक नाव हलणार. आजची गाडी तर बड्या वस्तीची. सगळ्यांना जमवून मी भाषणाला तोंड उघडलं, तोच बड्या वस्तीतले आबा म्हणाले, "भाषण ऱ्हाऊ दे. पूस आमचं नाव. आमी उद्या आंघोळ करू. तशी बी रोज कोन करतंय?"

हशा पिकला. एकेक नाव मोठ्याने वाचत मी खाली उतरवलं. गाडी टेकाडाकडे वळली.

दुपारी पाहुण्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला, तेव्हा मावशी दारातून माझ्याकडे बघून हसली.

संध्याकाळी मी त्या रिकाम्या चौकोनात गेरूने बसलेला बैल काढला. गाडीवान भिंतीजवळ येऊन वाकला.

"ह्यो तर माझा तांबड्या! पर शिंगं वाकडी काढलीस."

ती मात्र मी दुरुस्त केली नाहीत.