कुलगुरूंचा बाक

विद्यापीठात प्राध्यापकपदाच्या मुलाखती होत्या. आम्ही उमेदवार मांडीवर फायली घेऊन व्हरांड्यात बसलो होतो. "कशाला जातेस? नाव आधीच ठरलेलं असतं," असं निघताना काका म्हणाले होते, आणि मनातून मलाही ते पटलं होतं.

तेवढ्यात कुलगुरू आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. शिपाई गोंधळला. "साहेब, केबिनमध्ये बसा ना. चहा तिकडंच आणतो."

"केबिनचं एक दार मुलाखतीच्या खोलीत उघडतं," ते शांतपणे म्हणाले. "या पदासाठी माझ्या भावाची मुलगी आलीय. म्हणून आज समितीत मी नाही. सगळ्यांना दिसेन असा इथंच बसतो. चहा इथंच आणा."

सचोटीवरची भाषणं मी पुष्कळ ऐकली होती, आणि बहुतेक सगळी मोठ्या खुर्च्यांवरून. ती सचोटी एका लाकडी बाकावर, बशीत चहा ओतून पिताना दिसेल असं कधी वाटलं नव्हतं. समोर एक उमेदवार सकाळपासून फाईल मिटून पेंगत होता. त्याने ती उघडली आणि वाचायला घेतली. मीही पाठ ताठ केली.

काही दिवसांनी निवड यादी लागली. तीत माझं नाव नव्हतं. त्यांच्या पुतणीचं आहे का, हे बघायचंही मला सुचलं नाही.

"सांगितलं होतं ना, ठरलेलं असतं," काका म्हणाले.

"नाही काका. मीच कमी पडले."

इतक्या अभिमानाने हे वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.