मंजुरी कोणाची

नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हा मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात होते. मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात काहीतरी बघितलं आणि ठरवून टाकलं की खरेदी, स्टोअर, उत्पादन, अकाउंट्स, सगळं एकाच कॉम्प्युटर सिस्टिमवर आणायचं. त्यासाठी मुंबईहून एक तरुण सल्लागार यायचा. तो हुशार होता, पण त्याचं बोलणं कोणाला कळायचं नाही. मला इंग्रजी बरं यायचं, म्हणून ते शब्द सगळ्यांना मराठीत समजावायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

कँटीनमध्ये जेवणाची टेबलं बाजूला सारून मी शिकवायचे. मॉड्यूल म्हणजे एकेका विभागाचा कप्पा, पण कपाट एकच. मास्टर म्हणजे वस्तूची कायमची ओळख, एका वस्तूला एकच नाव. इथेच पहिलं भांडण झालं. एका बेअरिंगला स्टोअरवाले ‘छोटी’ म्हणायचे, आम्ही ती बनवणाऱ्या कंपनीच्या नंबराने ओळखायचो आणि उत्पादनवाले ती ज्या पंपात बसते त्याचं नाव घ्यायचे. एक नाव ठरवा म्हटलं तर अख्खी दुपार गेली, आणि ठरल्यावरही जो तो आपलंच नाव वापरत राहिला. आपण भिंतीशी बोलतोय असं मला रोज वाटायचं.

सगळ्यात अवघड गेला तो शब्द ‘अप्रूव्हल’. बाहेरून आलेलं कास्टिंग, म्हणजे पंपाचं बिडाचं कवच, गेटातून आत आलं की सिस्टिममध्ये त्याची नोंद व्हायची. पण तपासणी विभागाने बघून मंजूर करेपर्यंत ते वापरायला मिळायचं नाही. तपासणी अधिकारी एक मुलगी होती, विठ्ठलवाडीला राहणारी, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेली, कमी बोलणारी. मंजुरीचा अधिकार तिच्या एकटीच्या पासवर्डला होता. मी सल्लागाराला विचारलेलं, ही रजेवर गेली तर? तो म्हणाला, ते पुढच्या टप्प्यात बघू.

पुढचा टप्पा यायच्या आधी तिचा साखरपुडा आला.

त्या सकाळी कास्टिंगची गाडी उतरली. उत्पादनाचे साहेब शॉपवरून, म्हणजे पंप जोडायच्या जागेवरून, खाली आले, तर स्क्रीनवर वापरायला शिल्लक शून्य. कास्टिंगचा ढीग आवारात त्यांच्यासमोर पडलेला. कामगार हातावर हात ठेवून बसलेले. साहेब माझ्या टेबलाशी आले.

“माल मला दिसतोय, तुम्हाला दिसतोय. फक्त तुमच्या मशीनला दिसत नाही. आता आंधळं कोण, मॅडम?”

मी सांगून बघितलं की मशीनला माल दिसतोय, तो तपासलेला नाही एवढंच ते सांगतंय. ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मला कंपनीच्या जीपमध्ये बसवून त्यांनी फर्मावलं, तिला आणा नाहीतर तिचा पासवर्ड आणा.

कल्याणच्या पत्री पुलावर जीप अडकली तेव्हा मला रडायला आलेलं. साखरपुड्याचं आमंत्रण मलाही होतं. रजा मिळाली नाही म्हणून मी गेले नव्हते, आणि आता ही अशी जात होते, हातात साधा गजराही नाही.

हॉलमध्ये अंगठ्या नुकत्याच घालून झालेल्या. तिची आई मला बघून खूश झाली, पेढा दिला. मी त्या मुलीला कोपऱ्यात घेऊन खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

“ताई, पासवर्ड म्हणजे सही, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग सही कशी देऊ? मी येते.”

नवऱ्यामुलाकडच्यांची तोंडं उतरली. होणाऱ्या सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, लग्नानंतरही असंच चालणार का. ती जरीच्या साडीतच जीपमध्ये बसली. कारखान्यात पदर खोचून तिने एकेक कास्टिंग फिरवून बघितलं, ठोकून बघितलं, दोन खराब निघाली ती बाजूला काढली आणि बाकीची मंजूर केली. साहेबांनी तिचं अभिनंदनसुद्धा केलं नाही. ते फक्त म्हणाले, “एवढ्यासाठी अर्धा दिवस गेला.”

दुसऱ्या दिवशी सल्लागाराने तोडगा काढला. मंजुरीचा अधिकार उत्पादनाच्या साहेबांनाही दिला. मी त्याला सांगितलं की ज्याला मालाची घाई आहे त्यानेच माल पास करायचा, तर तपासणी कशाला हवी? बदली माणूस हवा, पण तो तपासणीतलाच हवा. तो हसला, म्हणाला की सिस्टिम लवचिक असली पाहिजे. साहेब टेबलावरूनच बटण दाबायला लागले. ती मुलगी सकाळी यायची तर माल आधीच मंजूर होऊन शॉपवर गेलेला असायचा. तिने दोनदा तक्रार केली, मग सोडून दिलं.

पावसाळ्यानंतर एका गिऱ्हाइकाकडून पंप परत आले. कवचांना तडे होते. मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब शांतपणे म्हणाले, “सिस्टिमने पास केलेलं कास्टिंग आहे, सर.”

माझा तोल सुटला. मी म्हटलं, “सिस्टिम काहीच पास करत नाही. पास माणूस करतो, आणि मंजुरीपुढे तुमचं नाव आहे.”

मालकांनी स्क्रीनकडे बघितलं, मग घड्याळाकडे. चर्चा सल्लागाराच्या बिलावर गेली. शेवटी निर्णय असा झाला की जबाबदारी वाटली जावी म्हणून मंजुरीचा अधिकार आणखी एकाला द्यायचा. ती मी. म्हणजे जो माल मीच विकत घेणार, तो चांगला आहे असंही मीच म्हणायचं. मी नकार दिला, कारणही सांगितलं. मालक म्हणाले, मॅडम, तुम्ही फार पुस्तकी आहात.

लग्नानंतर त्या मुलीने शहाडच्या एका कारखान्यात नोकरी धरली. निघताना मला भेटायला आली. मी विचारलं, तिथे आहे का सिस्टिम? ती म्हणाली, “नाही अजून. पुढच्या वर्षी आणणार आहेत.” मी म्हटलं, मग मंजुरी कोणाची, ते आधीच विचारून ठेव.