वाघाचा कौल

इथे आखातात, अल मजाजला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक चिनी कुटुंब राहतं. त्यातल्या आजींना इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही, तरी आमचं छान जमतं. मध्ये दुभाषी म्हणून त्यांची नात. पंधरा वर्षांची, कानात कायम इअरफोन.

एका शुक्रवारी आजींनी मला प्राणिसंग्रहालयात सोबत यायची गळ घातली. कारण नातीने गाडीत सांगितलं. लहानपणी ती सारखी आजारी पडायची, म्हणून आजींनी तिला गावच्या वाघदेवाला लेक म्हणून देऊन टाकलं होतं. सोळावं लागण्याआधी देवाकडे जाऊन तिला परत मागून घ्यायचं, नाहीतर ती त्याचीच राहते. पण त्या देवळाची सरकारदरबारी नोंद नव्हती. अधिकारी आले, दाराला कुलूप ठोकलं आणि मूर्ती टेम्पोत घालून घेऊन गेले. कुठे नेली, ते विचारायची सोय नाही.

"सो शी विल आस्क अ रिअल टायगर," नात म्हणाली. "सो एम्बॅरसिंग, आंटी!"

मला मात्र हसू आलं नाही. कोकणात मलाही तान्ही असताना वाघोबाच्या ओटीत घातलं होतं. पुढे नारळ वाहून मूल सोडवून आणतात. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

वाघ काचेपलीकडे एसीत, भिंतीकडे तोंड करून पडला होता. पोरं काचेवर थापा मारून "यल्ला, वेक अप!" ओरडत होती, आईबाप व्हिडिओ काढत होते. अशा ठिकाणी मला माणसांचाच राग येतो.

आजींनी हात जोडले आणि पर्समधून लाकडाच्या दोन चंद्रकोरी काढून जमिनीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली की देव 'हो' म्हणतो. म्हणजे आपला कौलच! दोन्ही पालथ्या पडल्या. आजींनी पुन्हा टाकल्या. पुन्हा पालथ्या.

तेवढ्यात वाघ उठला. काच बडवणाऱ्या पोरांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ आमच्यासमोर येऊन उभा राहिला. नातीने इअरफोन काढले आणि माझा हात घट्ट धरला.

"लेट्स गो, आंटी. प्लीज."

आम्ही दोघी भराभर चालू लागलो, तर तो आतून आमच्या बरोबरीने चालत आला, थेट काच संपेपर्यंत. मागे आजी रडत होत्या. सोडत नाही म्हणतोय, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, असं नातीने सांगितलं.

वाघाची खायची वेळ झाली असेल, अशी मी घरी येईपर्यंत स्वतःची समजूत घातली. मग गंमत म्हणून आईला फोन करून सगळं सांगितलं.

"मला सोडवून आणलं होतंस ना गं?"

पलीकडे आईने टीव्ही बंद केला.

"लग्नाआधी करायचं ठरलं होतं," ती म्हणाली. "मग तुझा व्हिसा आला. घाईगडबडीत राहूनच गेलं बघ."

वाघ चालत होता तेव्हा नातीचा हात माझ्या हातात होता. तो आमच्यातल्या कुणाकडे बघत होता, ते मी पाहिलंच नव्हतं.