चांदवडला एकटीच, मिस्टर ड्युटीवर

एकटीने फिरणाऱ्या बायकांचे ब्लॉग मी भरपूर वाचलेत. त्या सगळ्या कुठल्यातरी डोंगरावर जाऊन स्वतःला भेटतात. मला तशी घाई नव्हती. सिडकोतल्या वन बीएचकेत मी आणि मी तीन वर्षं समोरासमोर राहतोय, रोज भेट होते. मैत्रिणींच्या ग्रुपवर महिनाभर सहल ठरत होती. मग एकीच्या मुलाची परीक्षा आली, दुसरीची सासू आली आणि तिसरीने कारण कळवायचेही कष्ट घेतले नाहीत. रविवारी सकाळी मी बॅग उचलली आणि चांदवडची एसटी धरली.

नियोजन करणाऱ्यांसाठी माहिती: नाशिकहून आग्रा हायवेने दीड तास, वाटेत ओझर, पिंपळगाव. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे साठेक रुपयांत काम होतं. खिडकीची जागा मिळाली तर ती उघडत नाही आणि उघडली तर मिटत नाही, एवढं मनात धरून बसा.

शेजारी साठीच्या एक बाई येऊन बसल्या. पहाटे नाशिकला झेंडू विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परत निघाल्या होत्या. नाव मंगलताई. ओझर यायच्या आत त्यांनी माझी जात, भाडं आणि गुडघ्यांची तब्येत विचारून घेतली. मग तो प्रश्न आला.

"एकल्याच निघाल्या? मिस्टर नाय आले?"

"ड्युटीवर आहेत," मी म्हटलं.

सुनील जाऊन तीन वर्षं झाली. खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो उचलून परत जागेवर बसवायचं काम माझ्याकडे येतं. नंतर आजार कुठला, डॉक्टर कुठला, पुढं काय, याची चौकशी. मला एकच रविवार असा हवा होता, ज्यात मी कुणाची 'बिचारी' नसेन. टिकली मी लावतेच, त्यामुळे खोटं खपून जातं.

चांदवडला उतरून रेणुकामातेचं दर्शन घेतलं. देऊळ हायवेपासून जवळ आहे, चालत जाता येतं. मंगलताई माझ्या बरोबरच होत्या, कारण 'देवीला आलेली बाई उपाशी जाती का कुठं' असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. रंगमहालाचं लाकडी कोरीवकाम बघायचं राहिलं. तुम्ही बघा आणि मला फोटो पाठवा.

त्यांचा मळा गावापासून दोनेक किलोमीटर. घरात सून सुवर्णा चुलीपाशी बाजरीच्या भाकरी थापत होती. मठाची उसळ, ठेचा आणि ताकाचा तांब्या. जेवणाबद्दल मला टोमणा मारता येत नाहीये, माफ करा.

"साहेब कुठल्या कंपनीत?" मंगलताईंनी विचारलं.

"अंबडला. क्वालिटी डिपार्टमेंट."

ती नोकरी माझी. सुनीलने आयुष्यभर पंचवटीत स्टेशनरीचं दुकान चालवलं, त्याला मेल्यावर मी कंपनीत चिकटवलं. दुसरी भाकरी संपेपर्यंत तो सुपरवायझर झाला होता. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "तुमचे मालक दिसत नाहीत?"

"पाणी धरायला गेलेत वावरात," मंगलताई म्हणाल्या. सुवर्णाने मान आणखी खाली घातली.

निघताना त्यांनी स्टीलचा डबा पुढे केला. "साहेबांना. उसळ हाय आन् चार भाकरी. ड्युटीवरून दमून येतील."

डबा गरम होता. तोवर सुवर्णा ताटात तांदूळ, नारळ, खण आणि हळदीकुंकू घेऊन आली. माझी ओटी भरायला. तिचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडे आलं आणि मी तिचा हात धरला. एसटीतलं खोटं एसटीत ठीक होतं. यांच्या घरात, यांचं जेवून, हे मला जमेना. मी सगळं सांगितलं.

आता चेहरा पडेल म्हणून मी तयारीत होते. मंगलताई ओट्यावर बसल्या. "किती वरसं?"

"तीन."

"आन् ती कंपनी?"

"माझीच."

पहिली सुवर्णा हसली. तोंडाला पदर लावून, पण खदखदून. मंगलताईंनी तिच्याकडे डोळे वटारले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या मालकाला जाऊन अकरा वरसं झाली. मंडईत कोणी विचारलं का मी सांगते, पाणी धरायला गेलेत. लोकं पुढं काय विचारत नाय."

मग त्याही हसल्या. मीही हसले आणि हसता हसता रडू आलं, ते मी दाबलं नाही. सुवर्णा ताट घेऊन तशीच उभी होती. "लाव गं, हात काय थांबवला?" सासू तिच्यावर ओरडली. ओटी भरली गेली. खण हिरवा आहे.

दुसऱ्या दिवशी अंबडला डबा उघडला. क्वालिटी डिपार्टमेंटच्या सुपरवायझरने चारही भाकऱ्या संपवल्या. आता तो डबा ओट्यावर घासून ठेवलाय. रिकामा डबा आपल्याकडे कुणी परत करत नाही, म्हणजे चिवडा करणं आलं. आमच्याकडे चिवडा सुनील करायचा. मी आजवर फक्त नावं ठेवली. पहिला घाणा करपलाय.

तो काढून टाकत होते तेवढ्यात मंगलताईंचा फोन आला.

"साहेबांनी खाल्ला का डबा?"

"खाल्ला. उसळ आवडली म्हणाले. तुमचे मालक आले का पाणी धरून?"

"नाय अजून," त्या म्हणाल्या. "वावर लय मोठं हाय."