पान हातात घेतल्याशिवाय

मस्कतमध्ये मला झाडांचा डॉक्टर म्हणतात. बौशरच्या मॉलमध्ये, बँकांत, ऑफिसांच्या लॉबीत जी कुंडीतली झाडं दिसतात, ती बहुतेक भाड्याची असतात. आमची कंपनी ती रुस्ताककडच्या नर्सरीत वाढवते, आणून ठेवते आणि आजारी पडली की परत नेते. कुठलं झाड फेकायचं आणि कुठलं वाचवायचं हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. खालची पानं पिवळी पडलीत की वरची, शिरा हिरव्या राहिल्यात की त्याही गेल्यात, कडा करपलीय की नुसतं टोक, इतकं बघितलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं हाताने आणि नाकाने करायचं असतं. कृषी कॉलेजात आमचे एक सर पान चुरगाळून वास घेतल्याशिवाय आम्हाला तोंड उघडू देत नसत. त्यांचा तो नियम मी वीस वर्षं पाळला. मोठ्या साहेबांनी फोटो पाठवला तरी मी "येऊन बघतो" एवढंच लिहायचो. तो नियम मी एकदाच मोडला, माझ्या सख्ख्या भावासाठी.

तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो पाचवीत होता, आणि आईने तेव्हा त्याला माझ्या हवाली केलं ते कायमचंच. आयटीआय करून तो एसीचं काम शिकला. पाच वर्षांपूर्वी मी त्याला ओमानला आणलं. आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, दोस्ताची एसी-दुरुस्तीची कंपनी आहे. त्या कंपनीच्या अर्बाबने मला समोर बसवून चहा पाजला आणि विचारलं, "तुम्हारा भाई है? तुम्हारे जैसा?" मी म्हटलं, "मेरे जैसा." तो म्हणाला, "खलास." इतक्यावर काम झालं. कागद नंतर आले. इथे अजूनही बऱ्याच ठिकाणी माणसाच्या शब्दावर माणूस घेतात, आणि मग तो शब्द जन्मभर गळ्यात राहतो.

एकाच शहरात राहून आमचं बोलणं मात्र जेमतेम होतं. त्याची बायको आणि लहान मुलगी गावी, तो कंपनीच्या खोलीवर राहायचा, कधीतरी शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. "जेवलास?" "जेवलो." पुढे गाडी जात नसे. दोष बराचसा माझा. मला सल्ला द्यायची खोड आहे. त्याने म्हणावं पाठ दुखते, की मी गादी बदलण्यापासून सुरुवात करायचो. तोही मग माझी टिंगल करून सुटका करून घ्यायचा. "दादा मॉलातल्या झाडांना आंघोळ घालतो," असं तो गावात सांगायचा आणि लोक हसायचे.

म्हणून जूनमध्ये त्याचा फोटो आला तेव्हा मला खरंच बरं वाटलं. दोन बोटांत धरलेली एक लांबट, कातर कडांची पाती. शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा. खाली लिहिलं होतं, "दादा, ह्याला काय झालाय बघ ना." कसलं झाड म्हणून विचारलं तर म्हणाला, झेंडू. दसऱ्याला घरची फुलं हवीत. बाहेर सगळं करपून जाईल, म्हणून आत लावलाय. एका व्हिलातली माणसं उन्हाळ्याची बाहेरदेशी गेलीत, एसी बघायला चावी त्याच्याकडे असते, मागची खोली रिकामीच आहे. झेंडूचं पान म्हणजे एका दांड्याला दोन्ही बाजूंनी अशाच कातर पात्या. त्यातली एक तोडून त्याने फोटो काढला असेल, असं मी धरून चाललो.

"पाणी कुठलं घालतोस?"

"एसीचं. फुकटात बादली भरते."

मला हसू आलं. आपली माणसं इथे हेच करतात. एसीच्या नळीखाली बादली लावायची आणि ते पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घालायचं. आमच्या घरीही तेच चालतं. आणि हा तर एसीचाच माणूस. पण हवेतून निथळलेल्या त्या पाण्यात क्षार नसतात, आणि कुंडीतली माती वर्षभरात रिकामी होते. मी त्याला एक दिवसाआड नळाचं पाणी घालायला सांगितलं, आमच्या नर्सरीतून मॅग्नेशियमच्या मिठाची पुडी पाठवली, चिमूटभर कसं विरघळवायचं ते फोनवर समजावलं. बारा दिवसांनी नव्या पानाचा फोटो आला. हिरवंगार होतं.

मग रोजच फोटो यायला लागले, दर वेळी चिमटीतल्या एकाच पातीचे. टोक करपलं, कड वळली, पानावर ठिपका आला. मी जेवता जेवता ताट बाजूला सारून लांबलचक उत्तरं बोलून पाठवायचो, आणि तोही परत विचारायचा. बायको म्हणाली, "भावजींनी पाच वर्षांत केले नाहीत इतके फोन या महिन्यात केले." मी आईलाही सांगितलं की धाकटा झेंडू लावतोय. आमचे वडील शेताच्या बांधाला दरवर्षी झेंडू लावायचे. आई म्हणाली, "पयलं फूल देवाला वाहायला सांग त्याला."

ऑगस्टच्या सुरुवातीला एक विचित्र फोटो आला. फुटव्याला बारीक, पिळवटलेली, कातर नसलेली पानं आली होती. झेंडू असं कधी करत नाही. शेवंती करते. उजेडाचे तास बिघडले, की फुलावर आलेली शेवंती गोंधळून पुन्हा पालवी काढते आणि ती पालवी अशीच वेडीवाकडी येते. मी विचारलं, उजेडाचं काय? तो म्हणाला टायमर बिघडला होता, आठवडाभर दिवा चालूच राहिला. फोन ठेवला, पण मनातून ते पान जाईना. शेवटी मी लिहिलं, शुक्रवारी येताना पान घेऊन ये.

टिश्यूपेपरात गुंडाळून, शर्टाच्या खिशात घालून त्याने ते आणलं. बायको आत सुरमई तळत होती. मी पान बोटांत चुरगाळलं, नाकाजवळ नेलं. महाशिवरात्रीला आमच्या देवळामागे गोसावी येऊन बसायचे. तिथे आम्ही पोरं फिरकलो की वडील कानाला धरून ओढत आणायचे. तो वास माणूस विसरत नाही. माझ्या हातात गांजाचं पान होतं, आणि गेले दोन महिने मी त्याच झाडाची तब्येत सुधारत होतो.

मी उठून साबणाने तीनदा हात धुतले. बायकोला म्हटलं, "आम्ही जरा जाऊन येतो." भावाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. गाडीत त्याने मला व्हिलाचा रस्ता दाखवला.

व्हिलाच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. मागच्या बोळात लहान मुलांच्या दोन सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर धूळ बसली होती. त्यालाच लागून कामवालीसाठी बांधलेली छोटी खोली. आत दोन दिवे आणि सहा कुंड्या. इथे खोटं लिहायचं असेल तर काहीच लिहू नये, म्हणून सांगतो: पहिल्यांदा मला समाधान वाटलं. खालच्या जुन्या पानांवर पिवळेपणाचा डाग राहिला होता आणि त्याच्या वर सगळं झाड भरलेलं, गर्द हिरवं होतं. माझा उपाय लागू पडला होता. मग मी दार आतून लावून घेतलं. ज्यांच्या सायकली बाहेर होत्या ती माणसं पंधरा दिवसांनी परत येणार होती. कुणाला कळलं तर भाऊ वर्षानुवर्षं तुरुंगात जाणार होता, आणि त्यांच्यामागेही विनाकारण पोलीस लागणार होते. आणि आईला ते मलाच सांगायला लागणार होतं.

"कुणासाठी लावलंस हे?"

"माज्यासाठीच. विकत नाय मी. आईशप्पथ."

"खरं सांग."

"झोप नाय लागत, दादा. मार्चपासून. ती पोरीला घेऊन माहेराला गेली. फोन उचलत नाय. पोरीचा आवाजपण ऐकवत नाय."

हे मला माहीत नव्हतं. आईलाही त्याने सांगू दिलं नसावं. पाच महिने माझ्या घरी येऊन तो मासे खाऊन जात होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झाला असता? तू सल्ला दिला असतास." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "पानाचा विचारला की तू नीट बोलायचास. म्हणून विचारत राह्यलो."

मी हात उगारला होता, तो खाली घेतला. त्याला मारावं असं वाटत होतं आणि जवळ घ्यावं असंही. दोन्हीतलं काही मला जमलं नाही. मी दिव्यांची वायर काढली. पहिलं झाड त्यानेच उपटलं. मुळं पांढरीशुभ्र होती, रोगाचा मागमूस नव्हता. सहाही झाडं आम्ही दोघांनी मिळून संपवली, ती कशी ते मी लिहिणार नाही. खोली धुतली, चावी त्याच्याकडून मी घेतली. घरी आलो तेव्हा सुरमई गार झाली होती. त्याने ती तशीच खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या अर्बाबकडे गेलो आणि आई आजारी आहे, भावाला घरी पाठवायचं आहे, असं सांगितलं. तिच्या नावाने मी पहिल्यांदाच खोटं बोललो. अर्बाबने आईसाठी दुवा मागितली आणि म्हणाला, "इन्शाल्ला, ठीक होके वापस भेजो." त्याच्या डोळ्यांकडे बघणं मला शक्य झालं नाही. मी मात्र हट्टाने व्हिसा रद्दच करून घेतला. विमानतळावर भावाने माझ्या पायांना हात लावला. मी म्हटलं, "पोचलास की फोन कर." फोन आईच्या नंबरवरून आला, आणि बोलली तीच. भावाने माझ्याशी बोलायचं टाळलं. पुढचे काही आठवडे आई विचारत राहिली, तुमचं भांडण झालं काय.

ते सगळे फोटो फोनमध्ये ठेवणं धोक्याचं होतं. एका सकाळी पुसायला बसलो. एकेक उघडून, बघून पुसत होतो, आणि तेव्हा मला पहिल्यांदा पानामागचा हात दिसला. जूनच्या फोटोत लग्नाची अंगठी बोटात नीट बसलेली होती. जुलैत ती ढिली पडू नये म्हणून खालून दोरा गुंडाळला होता. ऑगस्टमध्ये अंगठी नव्हती. अंगठ्याचं टोक भाजून तपकिरी झालं होतं आणि मनगटाचं हाड वर आलं होतं. दर फोटोत माझा भाऊ खंगत चालला होता आणि मी त्याच्या चिमटीतल्या पानाच्या शिरा मोजत होतो. पानं वाचून पोट भरणाऱ्या माणसाला सख्ख्या भावाचा हात वाचता आला नाही. या लाजेवर माझ्याकडे औषध नाही. फोटो पुसले, पण ते हात मला अजून एकेक करून आठवतात.

दसऱ्याच्या दहा दिवस आधी त्याचा पुन्हा फोटो आला. आमच्या अंगणातला, आईच्या लुगड्याचा काठ एका कोपऱ्यात दिसत होता. चिमटीत झेंडूचं पान धरलं होतं, अख्खं, दांड्यासकट. दोन पात्या पिवळ्या पडल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "दादा, ह्याला काय झालाय?"

या वेळी मी आधी हात बघितला. अंगठी नव्हती, तिच्या जागी फिकट वळ होता. अंगठ्याचा डाग निवळत आला होता आणि नखांत माती होती. पानाला काहीच झालं नव्हतं. झाड फुलावर आलं की खालचं पान पिवळं पडतं, इतकंच. ते मला फोटोवरून कळत होतं, आणि त्यालाही एव्हाना कळत असणार.

मी लिहिलं, "पान हातात घेतल्याशिवाय मी सांगत नाही. रजा टाकलीय, येतोय."