लाल रुमाल, मुकी डबी

इमारतीत तिला सगळे कानताई म्हणत, आणि ती चिडत नसे. वरच्या मजल्यावर कुणाचा नळ नीट बंद झाला नाही, लिफ्ट कुठे करकरते, शेजारच्यांनी नवीन चपला घेतल्या, हे तिला घरबसल्या कळे. एकदा स्वयंपाकघरातून तिने नवऱ्याला हाक मारून विचारलं होतं, "अहो, डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय ना? मग बरणीचं झाकण कोणी फिरवलं?" तेव्हापासून नवरा त्या बरणीचं झाकण नुसतंच वर टेकवून ठेवी.

या कानांवर तिचं कामही चाले. एका प्रकाशन संस्थेसाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत असे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही आणि ज्यांना वाचायला सवड नाही, अशा सगळ्यांसाठी. स्टुडिओ म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या करून बांधलेल्या, दाराला आतून दुहेरी ब्लँकेट, मधे टेबल, माइक, एक दिवा आणि लॅपटॉप. लॅपटॉप ती बॅटरीवरच चालवी, कारण चार्जर लावला की माइकमध्ये किरकिर येते अशी तिची तक्रार होती. आत शिरण्याआधी ती दाराच्या कडीला लाल रुमाल बांधी. रुमाल दिसला की घराने गप्प बसायचं, हा नियम.

घरात माणसं तीनच. ती, नवरा आणि सासूबाई. नवरा दिवसभर कामावर, म्हणजे नियम पाळायचा तो सासूबाईंनीच. त्यांना ऐकायला कमी येई, त्यामुळे टीव्ही मोठा लागे. रुमाल दिसला की त्या टीव्ही बंद करत, पण बंद करताना रिमोट जरा जोरात आपटत.

सध्या हातात एक जाडजूड कादंबरी होती. एका बाईच्या सबंध आयुष्याची गोष्ट. इतकं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते तिला आवडलंही होतं. शेवटची प्रकरणं उरली असताना संस्थेतल्या तपासनिसाचा फोन आला. आलेलं प्रत्येक ध्वनिमुद्रण हेडफोन लावून ऐकायचं आणि पास-नापास ठरवायचं, हे त्याचं काम.

"ताई, वाचन उत्तम आहे. पण मागे टिकटिक येते."

"घड्याळ मी कधीच बाहेर काढलंय."

"घड्याळ नाही. तुमची ती जुनी हार्ड डिस्क असणार. तिच्यात तबकडी फिरते, तिचाच आवाज. दोन प्रकरणं परत पाठवतोय. आणि राग मानू नका, वरून सांगितलंय, पुन्हा परत आली तर पुढचं दुसऱ्या आवाजाकडे द्यायचं."

दुसरा आवाज. त्या बाईचं बालपण, लग्न, भांडणं हिने वाचायची आणि म्हातारपण तिसऱ्याच कुणीतरी. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "या घरातल्या आवाजापायी माझं काम जाणार आहे." ती म्हणाली डिस्कबद्दल. पण सासूबाईंनी पानातून मान वर केली, सुनेकडे पाहिलं, बंद असलेल्या टीव्हीकडे पाहिलं, आणि पुन्हा जेवू लागल्या.

दुसऱ्याच दिवशी कानताई संगणकाच्या दुकानात गेली. जाताना मनाशी एकच पक्कं होतं, की दुकानदार आपल्याला फसवणार आहे.

"एसएसडी हवी आहे. बाहेरून जोडायची. आवाज न करणारी."

"ताई, एसएसडीत फिरणारं काही नसतंच. सगळ्या मुक्याच." दुकानदाराने काउंटरवर डब्या मांडल्या.

सगळ्याच कशा मुक्या असतील? सगळेच दुकानदार प्रामाणिक आहेत म्हणण्यासारखंच झालं ते. तिने पहिली डबी उचलली. प्लास्टिकची, चकचकीत, बिस्किटाइतकी हलकी. खोक्यावर जागेचा आकडा एवढा मोठा, की अख्खं ग्रंथालय वाचून आत ठेवावं. आणि किंमत बाकीच्यांपेक्षा निम्मी.

"ही एवढी स्वस्त का?"

"ऑफर आहे."

"ऑफर संपल्यावर आतली जागाही संपत असेल."

दुकानदाराने ती मुकाट्याने खाली ठेवली. "बरं, ही बघा. सगळ्यात वेगवान. याच्याइतकी फास्ट दुसरी नाही."

तिने ती उलटी केली. खालच्या बाजूला बारीक जाळी होती. जाळीवर बोट ठेवून तिने विचारलं, "याच्या आत काय आहे?"

"ती गरम होते ना, म्हणून छोटासा पंखा..."

"आत्ताच म्हणालात, फिरणारं काही नसतं."

दुकानदार हसला. "ताई, तुम्ही पोलिसात होतात का?"

"नाही. मी पुस्तकं वाचते."

तिसरी डबी लोखंडी रंगाची, चपटी, जराशी जड. तिच्याबद्दल दुकानदार विशेष काही बोलला नाही. कानताईला ते बरं वाटलं. जिची तारीफ नाही तिच्यात काही दडवलेलंही नसेल. तिने केबल लावून हलवून पाहिली. बसली ती घट्ट बसली. मग तिने दुकानातला पंखा बंद करायला लावला, डबी दुकानदाराच्या लॅपटॉपला जोडायला लावली, तिच्यावर एक मोठी फाइल चढवायला लावली, आणि काउंटरवर वाकून डबीला कान लावला. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक आपल्या बायकोच्या कानात पुटपुटलं, "डॉक्टर दिसतात." तेही तिला ऐकू आलं.

डबी कोमट झाली, पण बोलली नाही. तिने ती घेतली.

घरी नवऱ्याने खोकं पाहिलं. "मला पसंत करताना एवढी तपासणी केली होतीस का?"

"तेव्हा घाई झाली," ती म्हणाली.

जुन्या डिस्कमधलं सगळं तिने नव्या डबीत उतरवलं, आणि जुन्यातलं मात्र पुसलं नाही. एकदम कुणावरच सगळा भार टाकायचा नाही, मग ती वस्तू का असेना. दुसऱ्या दिवशी दुपारी कडीला लाल रुमाल बांधला, दार लावलं, हेडफोन चढवले आणि परत आलेलं प्रकरण वाचायला घेतलं. टिकटिक गेली होती. दोन पानं मस्त झाली. मग ती श्वास घ्यायला थांबली आणि तिला ऐकू आलं.

घूं.

बारीक, सलग, खालच्या सुरातलं. लांबवर कुणी ओठ मिटून गुणगुणत बसावं तसं. तिने डबीकडे पाहिलं. डबी निमूट पडली होती. कानताईचं या निमूटपणाबद्दल एक मत होतं. घरात जो सगळ्यात निमूट असतो, बरणीतला लाडू त्यानेच खाल्लेला असतो.

दुकानात गप्प आणि घरी आल्यावर बोलायला लागली. म्हणजे दाखवायची वेगळी आणि द्यायची वेगळी? खोकं बदललं असेल का? तिने दुकानदाराला फोन लावला.

"ताई, तिच्यात आवाज करायला काही नाहीच हो."

"मग मला भास होतात का?"

"तसं नाही म्हटलं मी. घेऊन या, बदलून देतो."

इतक्या सहज बदलून देतो म्हणाला, याचाही तिला संशय आला.

बदलायला नेण्याआधी तिने स्वतः तपास करायचं ठरवलं. रुमाल बांधला, दार लावलं, डबी ब्लँकेटमध्ये गुंडाळून काही न वाचता नुसती शांतता रेकॉर्ड केली. घूं होतंच. मग डबी काढून खोलीबाहेर ठेवून आली आणि पुन्हा दार लावलं, आणि शांतता थेट लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड केली. तरीही घूं. डबी तर जोडलेलीच नव्हती.

तिने डबी आत आणली आणि टेबलावर जरा हळूच ठेवली. निरपराध माणसाला चौकीतून सोडताना वागवतात तशी.

आता संशयाला मोकळं रान मिळालं. माइक? तो जुना, भरवशाचा. वरच्या मजल्यावरचा पंप? तो दुपारी चालत नाही. मग तिला आणखी गोष्टी दिसू लागल्या. गेले काही दिवस ओव्हनवरचं घड्याळ सारखं शून्यावर येऊन लुकलुकत होतं. फ्रीजमधल्या बर्फाच्या वड्या वितळून पुन्हा एकच ढेकूळ झाल्या होत्या. तिने त्याचा आळ नवऱ्यावर घेतला होता. "तुम्ही फ्रीज उघडा टाकून जाता." नवरा शपथेवर नाही म्हणाला होता, पण लाडवांच्या वेळीही तो शपथेवरच नाही म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने घाईत रुमाल बांधलाच नाही. सासूबाईंचा टीव्ही अजून लागला नव्हता, आणि स्वच्छ कागदासारखी शांतता मिळाली. पानभर वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज कडी रिकामी आहे. ती बाहेर गेली, रुमाल बांधला, परत येऊन दार लावलं. थोडा वेळ गेला. आणि घूं.

आवाज डबीचा नव्हता, माइकचा नव्हता. आवाज रुमालाचा होता. रुमाल पाहून या घरात कुणीतरी काहीतरी करत होतं. आणि या वेळी घरात एकच माणूस होतं.

नको तो विचार तिच्या मनात आलाच. सासूबाईंना तिचं हे काम कधी मनापासून आवडलं नव्हतं. एकटीच खोलीत कोंडून घेऊन स्वतःशी बोलते, असं त्या फोनवर नणंदेला सांगत असल्याचं तिने ऐकलं होतं, अर्थात दोन भिंतींपलीकडून. रिमोटची ती आपटाआपटी. आणि आता हे. म्हणजे मुद्दाम?

तिने हेडफोन काढले, दाराची आतली कडी आवाज न करता सरकवली आणि दार एकदम उघडलं.

समोरच, मीटरच्या फळीखाली, सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. मेन स्विच खाली ओढलेला होता. फ्रीज मुका, टीव्ही काळा, ओव्हनचा दिवा विझलेला. कपाटाशेजारी स्टुडिओच्या भिंतीला लागून ठेवलेला इन्व्हर्टर मात्र बिचारा एकटा काम करत होता. स्टुडिओतला दिवा त्याच्यावरच होता, म्हणून आत वीज गेल्याचं कधी कळलंच नव्हतं. आणि तो घुमत होता. एरवी वीज गेली की इमारतीचं खालचं जनरेटर असं धडधडे, की त्यात याचा सूर कुणाला ऐकू येणार?

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? शांतता," सासूबाई म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती. "त्या दिवशी जेवताना तू म्हणालीस ना, घरातल्या आवाजापायी काम जातंय. मला कळत नाही का कुणाला म्हणालीस ते? म्हटलं, उगाच माझ्या टीव्हीवर आळ नको. फ्रीजचा नको, कशाचाच नको. मेनच बंद करते आणि इथेच बसते, तुझी कडी वाजली की परत चालू करते. बघू आता कोण बोट दाखवतं."

"मी डिस्कबद्दल म्हणत होते."

"तू डिस्कबद्दल म्हणालीस. बघितलंस माझ्याकडे."

कानताईला आठवेना, आपण कुणाकडे पाहिलं होतं ते. कानांचं तिला सगळं आठवे, डोळ्यांचं नाही.

तिने सासूबाईंचा हात धरून इन्व्हर्टरवर ठेवला. ऐकू कमी आलं तरी हाताला थरथर कळत होती. सासूबाईंनी हात तसाच राहू दिला. मग हळूच काढून घेतला.

"हा मेला?"

"हाच. तुम्ही मेन बंद केला की हा सुरू होतो."

"म्हणजे मी आवाज बंद करायला बसले आणि..."

"हो."

मग सासूबाई हसल्या, आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून. "आणि तू त्या दुकानवाल्याला फोनवर किती बोललीस गं."

"तुम्हाला ऐकू आलं ते?"

"चेहरा बघितला तुझा," सासूबाई घाईने म्हणाल्या.

ठरलं ते असं. मेनला हात लावायचा नाही. रुमाल दिसला की फक्त फ्रीजचं बटण बंद करायचं, आणि सुटला की आठवणीने चालू. "एवढंच?" सासूबाईंना हे काम फारच किरकोळ वाटलं. मेन स्विच ओढण्यात जो अधिकार होता तो त्यात नव्हता. तरी त्यांनी स्टूल तिथून हलवलं नाही. कुणी दारावर आलं तर थोपवायला हवं ना, म्हणाल्या.

कानताईने दोन्ही प्रकरणं पुन्हा वाचली आणि पाठवून दिली. वाट पाहण्याचे दिवस तिने वाईट काढले. फोन वाजला की आधी संस्थेचं नाव, मग दुसऱ्या आवाजाचा विचार. शेवटी तपासनिसाचा निरोप आला. "ताई, एकदम स्वच्छ. पुढचं येऊ द्या, पुस्तक तुमचंच. ड्राइव्ह कोणता घेतलात? इतरांनाही सांगतो."

तिने डबीचं नाव कळवलं. मग तिला वाटलं, याने खरंच ऐकलं का नीट? सगळंच कसं स्वच्छ? म्हणून तिने आपली प्रत काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. स्वच्छ होती.

शेवटचं प्रकरण तिने त्याच आठवड्यात घेतलं. कादंबरीतली बाई म्हातारी झाली होती, घराची किल्ली हातात घेऊन दाराशी उभी होती, ती शेजारणीला देऊन मुलाकडे जावं की न जावं. कानताईचा घसा दुखायला लागला, म्हणून तिने तिथेच थांबून डबी काढली, दिवा मालवला आणि दार उघडलं.

स्टूल फळीखालून सरकून थेट दाराला टेकलं होतं. सासूबाई वाकून बसल्या होत्या, कान दाराच्या दिशेने.

"मग?" त्या म्हणाल्या. "दिली का किल्ली शेजारणीला, की बसली घरातच?"

कानताईने मागे वळून दाराकडे पाहिलं. दाराला आतून दुहेरी ब्लँकेट होतं. आणि टीव्ही या बाईंना शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल एवढा मोठा लागत होता.

"आई," तिने सावकाश विचारलं, "तुम्हाला आतलं ऐकू येतं?"

सासूबाई उठल्या, पदर नीट केला आणि फ्रीजचं बटण चालू करायला वळल्या.

"अधूनमधून," त्या म्हणाल्या. "तू जरा पुटपुटतेस. उद्या मोठ्याने वाच."